जुन्या लोखंडाची तपश्चर्या

जुनी वस्तु टाकून द्यावी कीं दुरुस्त करून वापरावी, या प्रश्नावर आपल्या कुटुंबांत नेहमींच दोन पक्ष आढळतात. माळ्यावरचें मोडकें कपाट, बंद पडलेलें घड्याळ, आजोबांच्या वेळची सायकल यांपैकीं कांहींच टाकूं न देणारें एक वडील माणूस घरांत असतें; आणि ‘ही अडगळ एकदांची काढा’ म्हणून त्याच्या मागें लागणारें दुसरेंहि असतें. बहुधा या दुसऱ्या पक्षाचें म्हणणें व्यवहाराला धरून असतें. दुरुस्त करावयाची म्हणून ठेवलेली वस्तु वर्षानुवर्षें तशीच पडून राहिली, तर तिला काटकसर म्हणतां येणार नाहीं. परंतु घरांतला एखादा मुलगा जुन्या बाजारांतून गंजलेली मोटारसायकल ओढीत आणतो आणि ‘मी हिची माझ्या मनासारखी गाडी करणार’ असें जाहीर करतो, तेव्हां हा प्रश्न निराळेंच रूप घेतो. त्यांत पैसा आहे, वेळ आहे, अभ्यासाची हेळसांड होण्याची भीति आहे, आणि सर्वांत मुख्य म्हणजे जिवाचा धोका आहे. म्हणून नुसतें ‘नको’ किंवा नुसतें ‘कर बापडा’ म्हणण्यापूर्वीं, हें काम वस्तुतः कोणत्या प्रकारचें आहे, त्याला काय लागतें आणि त्यापासून काय मिळतें, हें वडीलधाऱ्यांनींहि समजून घेणें इष्ट आहे.

या बाबतींत न्यूझीलंडमधील एका गृहस्थाचें चरित्र फार बोधप्रद आहे. त्या देशाच्या दक्षिण टोंकाजवळ इन्व्हरकार्गिल नांवाचें एक शहर आहे. तेथील हर्बर्ट जेम्स मन्रो (लोक त्याला बर्ट मन्रो म्हणत) या माणसानें एकच मोटारसायकल जन्मभर घडविली, आणि तीहि बहुतांशीं भंगारांतून!

एक गाडी, एक आयुष्य

मन्रोचा जन्म २५ मार्च १८९९ रोजीं झाला. तो शेतकऱ्याचा मुलगा. १९२० सालीं, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यानें ‘इंडियन स्काउट’ नांवाची मोटारसायकल विकत घेतली. ‘इंडियन’ या नांवावरून वाचकांनीं भलतीच कल्पना करून घेऊं नये. या गाडीचा हिंदुस्थानशीं कांहींएक संबंध नाहीं. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांत स्प्रिंगफील्ड येथें ‘इंडियन’ गाड्यांचा कारखाना होता; तो १९०१ सालीं सुरू झाला आणि १९५३ सालीं बंद पडला. स्काउट गाडीची योजना चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश इंजिनिअरनें केली होती. तिच्या इंजिनास इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणें तिरपीं बसविलेलीं दोन नळकांडीं असून त्यांचें एकूण आकारमान ६०० घनसेंटिमीटर होतें. गाडी मजबूत व वापरण्यास सोयीची अशी तिची ख्याति होती. परंतु फार वेगवान् म्हणून ती प्रसिद्ध नव्हती. तिचा जास्तींत जास्त वेग ताशीं सुमारें ५५ मैल होता.

एवढ्यावर मन्रोचें समाधान होईना. १९२६ सालापासून त्यानें गाडींत सुधारणा करण्यास आरंभ केला, आणि पुढें जवळजवळ अर्धें शतक तो त्या एकाच उद्योगांत गढून गेला. त्याचा पोटाचा धंदा मोटारसायकली विकण्याचा. दिवसभर दुकानांत दुसऱ्यांच्या गाड्या, आणि रात्रीं शेडमध्यें स्वतःची गाडी, असा त्याचा क्रम असे. कित्येकदां रात्रभर काम करून सकाळीं तो तसाच दुकानांत हजर होई. १९३८ सालीं त्यानें न्यूझीलंडमधील आपला पहिला उच्चांक स्थापित केला; पुढें आणखी सात उच्चांकांची त्यांत भर पडली. शहराजवळच ओरेटी नांवाचा लांबच लांब वाळूचा किनारा आहे. ओहोटीनंतर तेथील वाळू घट्ट बसते. तोच त्याचा शर्यतीचा रस्ता, आणि तीच त्याची प्रयोगशाळा.

भंगाराचें भांडवल

शर्यतीच्या गाडीला लागणारे भाग कारखान्यांतून मागवावयाचे, तर त्याला पैसा हवा. तो मन्रोपाशीं नव्हता. शिवाय त्याला जे भाग हवे होते ते कोणत्याहि कारखान्यांत तयार होत नव्हते, कारण त्याच्या इंजिनाचें रूप आतां मूळ इंजिनाहून अगदींच वेगळें होत चाललें होतें. तेव्हां ते भाग स्वतः घडविण्यावांचून त्याला गत्यंतरच उरलें नाहीं.

इंजिनाच्या नळकांड्यांत वरखालीं होणारा जो दट्ट्या, तो तो जुन्या डब्यांतून साचे करून स्वतः ओतीत असे. अ‍ॅल्युमिनियम सुमारें ६६० अंश सेंटिग्रेडला वितळतें. तेवढी उष्णता घरगुती भट्टींतहि मिळूं शकते. खरें कौशल्य पुढेंच आहे. ओतीव तुकड्याच्या पोटांत हवेचे बुडबुडे राहिले, तर दट्ट्या भर वेगांत फुटतो. तो नळकांड्यांत फार घट्ट बसला तर तापून अडकतो, आणि फार सैल बसला तर ज्वालेचा दाब बाजूनें निसटतो. हा फरक मिलिमीटरच्या शतांशांत मोजावयाचा असतो. मन्रोच्या हत्यारांपैकीं एक म्हणजे चाकाची जुनी तार. तिचा तो सूक्ष्ममापकासारखा उपयोग करी, असें सांगतात. दट्ट्याला जोडणारा दांडा, ज्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात, तो त्यानें कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या जुन्या आंसाच्या पोलादांतून कापून व घासून काढला होता. नळकांड्यांकरितां त्यानें गॅस वाहून नेणारे जुने बिडाचे नळ उपयोगांत आणले.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मन्रो भंगार वापरी, पण कसलेंहि भंगार वापरीत नसे. ट्रॅक्टरचा आंस मुळांतच फार मोठा भार सोसण्याकरितां केलेला असतो. म्हणून त्याचें पोलाद उत्तम प्रतीचें असतें. गॅसच्या नळाचें बीड घट्ट विणीचें व घर्षण सोसणारें असतें. टाकून दिलेल्या वस्तूंत कोणता धातु आहे आणि तो कोणत्या कामाला योग्य आहे, हें त्याला समजत होतें. स्वस्त वस्तु आणि हलकी वस्तु यांत अंतर आहे. चतुर गृहिणीला हें सांगावयास नकोच. जुन्या पैठणीचे कांठ नव्या पातळाला लावतांना तीहि जर कसाची आहे कीं नाहीं, तें आधीं पाहते.

अर्थात् या सर्व खटाटोपांत यशापेक्षां अपयशाचेच प्रसंग अधिक आले. दट्टे फुटले, दांडे मोडले, झडपा वांकल्या. हे सर्व मोडके भाग मन्रोनें आपल्या शेडमधील एका फळीवर ओळीनें मांडून ठेवले होते, आणि गतीच्या देवतेस वाहिलेला हा नैवेद्य, अशा अर्थाची अक्षरें तेथें लिहिलीं होतीं. ज्याच्या घरीं देवघर आहे त्याला त्यांतली गंमतहि कळेल आणि गांभीर्यहि. मोडलेला भाग कोणत्या जागीं मोडला, हें पाहूनच पुढचा भाग कोठें जाड करावयाचा तें ठरतें. ती फळी ही त्याची पाठशाळाच होती.

वेगाचा हिशेब

ताशीं ५५ मैलांची गाडी दुप्पट वेगानें पळवावयाची तर इंजिनाची शक्ति दुप्पट केली म्हणजे झालें, असें सामान्य माणसास वाटतें. निसर्गाचा हिशेब याहून पुष्कळ कडक आहे. वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो विरोध दुप्पट वेगानें सारावयाचा असल्यामुळें लागणारी शक्ति आठपट होते. हाच हिशेब पुढें चालविला, तर वेग सवातीनपटीहून थोडा अधिक करण्यास सुमारें सदतीसपट शक्ति लागेल. एका लहानशा जुन्या इंजिनांतून इतकी शक्ति कोण काढणार?

मन्रोनें हा प्रश्न दोन्ही बाजूंनीं सोडविला. एकीकडे त्यानें इंजिनाची शक्ति वाढविली. मूळ स्काउटच्या झडपा नळकांड्याच्या बगलेस होत्या, त्यामुळें वायूला वळसा घेऊन आंत शिरावें लागे. मन्रोनें त्या डोक्यावर आणल्या, म्हणजे वायूचा मार्ग सरळ व मोकळा झाला. नळकांड्यांचें आकारमान त्यानें वाढवीत वाढवीत ६०० वरून ९५० घनसेंटिमीटरपर्यंत नेलें. दुसरीकडे त्यानें हवेचा विरोधच कमी केला. गाडीभोंवतीं माशाच्या अंगासारखें निमुळतें कवच बसविलें, आणि त्याच्या आंत तो जवळजवळ पालथा पडून गाडी हांकीत असे. ज्याच्याजवळ पैसा थोडा, त्यानें मिळकत वाढवावी आणि गळतीहि थांबवावी, असें आपल्याकडील अनुभवी गृहस्थ सांगतात. मन्रोच्या यंत्रशास्त्राचें सारहि तेंच होतें.

मिठाच्या मैदानावर

अमेरिकेच्या यूटा संस्थानांत बॉनव्हिल नांवाचें एक अफाट मैदान आहे. प्राचीन काळचें एक सरोवर आटून तेथें मिठाचा पांढरा, सपाट थर राहिला आहे. मैलचे मैल त्याला चढ नाहीं कीं उतार नाहीं. जगांतील वेगाच्या वेड्यांची ती पंढरी होय. मन्रोनें या ठिकाणाच्या एकूण दहा वाऱ्या केल्या. त्यांपैकीं पहिली केवळ पाहण्याकरितां. गाडी जहाजानें न्यावयाची, अमेरिकेंत उतरल्यावर एखादी जुनी मोटार विकत घ्यावयाची, तिच्यामागें आपली गाडी बांधून यूटापर्यंत जावयाचें, असा त्याचा गरिबी थाट होता.

१९६२ सालीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं, ८५० घनसेंटिमीटरचें इंजिन घेऊन मन्रो मैदानावर उतरला आणि ८८३ घनसेंटिमीटरपर्यंतच्या वर्गांत ताशीं सुमारें १७९ मैलांचा उच्चांक त्यानें केला. १९६६ सालीं १००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या वर्गांत ताशीं १६८ मैलांचा, आणि १९६७ सालीं त्याच वर्गांत ताशीं १८३.५९ मैलांचा उच्चांक त्याच्या नांवावर नोंदला गेला. त्याच वर्षीं पात्रतेसाठीं केलेल्या एका धांवेंत त्याच्या गाडीनें ताशीं १९० मैलांची मर्यादा ओलांडली होती. त्या वेळीं मन्रो अडुसष्ट वर्षांचा होता, आणि त्याची गाडी सत्तेचाळीस वर्षांची!

हा सारा प्रवास सुखाचा होता असें मात्र मानूं नये. १९६७ मधील एका धांवेंत गाडी भर वेगांत डगमगूं लागली. वेग कमी करण्याकरितां मन्रो उठून बसला, तेव्हां वाऱ्यानें त्याचा चष्मा उडवून नेला आणि त्याला कांहींच दिसेना. मैदानांत रोवलेली एक पोलादी खूण थोडक्यांत चुकली, आणि शेवटीं गाडी आडवी पाडूनच त्याला थांबावें लागलें. थोडें खरचटण्यावर निभावलें. ही गोष्ट वाचतांना अंगावर शहारे येतात; परंतु ती निर्मनुष्य मैदानावर, पंचांच्या देखरेखीखालीं घडली, हें विसरतां कामा नये. आपल्या शहरांतील रस्त्यावर तिचा शेवट काय झाला असता, हें सांगण्याची गरज नाहीं.

या कथेला एक गोड परिशिष्ट आहे. वेगाचा उच्चांक दोन उलट दिशांच्या धांवांची सरासरी काढून ठरवितात, म्हणजे वाऱ्याची मदत धरली जात नाहीं. १९६७ च्या त्या दोन धांवा ताशीं १८४.७१० आणि १८३.४६३ मैलांच्या होत्या. यांची सरासरी १८३.५९ येत नाहीं, हें मन्रोच्या मुलाच्या ध्यानांत आलें. त्यानें तें निदर्शनास आणल्यावर अमेरिकन मोटारसायकल संघटनेनें २०१४ सालीं, म्हणजे मन्रोच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनीं, तो आंकडा सुधारून १८४.०८७ केला. बापानें तारेनें मापें घेतलीं, आणि मुलानें बापाच्या उच्चांकाचा हिशेब तपासला!

दुसरी बाजू

येथपर्यंत वाचून एखादा तरुण वाचक आनंदून जाईल. परंतु मन्रोच्या आयुष्याची दुसरी बाजू लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. तो विवाहित होता, चार मुलांचा बाप होता. रात्रीमागून रात्री शेडमध्यें घालविणाऱ्या माणसाचा संसार कसा चालणार? पतिपत्नींचा घटस्फोट झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानें नोकरीधंदाहि सोडला, आणि गाड्यांशेजारींच लहानशा खोलींत तो एकटा राहूं लागला. उतारवयांत हृदयविकारानें त्याला गांठलें, आणि ६ जानेवारी १९७८ रोजीं तो वारला. २००५ सालीं त्याच्या जीवनावर रॉजर डोनाल्डसन यांनीं चित्रपट काढला आणि अँथनी हॉपकिन्स यांनीं त्यांत मन्रोची भूमिका केली. त्यामुळें त्याचें नांव जगभर झालें. त्याची गाडी इन्व्हरकार्गिलमधील एका लोखंडी सामानाच्या दुकानांत लोकांना पाहण्यासाठीं मांडलेली आहे. तो मान मोठाच आहे. पण ज्या घरानें त्याच्या या ध्यासाची किंमत भरली, त्या घराचें नांव कोणत्याहि फलकावर नाहीं.

म्हणून, जुन्या भागांची गाडी स्वस्त पडते असें जेव्हां म्हणतात, तेव्हां ‘कोणत्या नाण्यांत?’ असें विचारावयास हवें. रुपयांत ती स्वस्त पडूं शकते. तासांत ती नेहमींच महाग असते. एकत्र कुटुंबांत तर हे तास एकट्याचे नसतात. मुलगा अंगणांत पाने फिरवीत बसला, म्हणजे बाजार, दळण, धाकट्यांचा अभ्यास हीं कामें दुसऱ्या कोणाच्या तरी वांट्याला येतात.

आपल्या घरीं हा उद्योग करावयाचा तर

तरीहि हा उद्योग निषिद्ध ठरवावा असें आमचें मत नाहीं. हातानें यंत्र उघडून पुन्हां जुळविणारा मुलगा जें शिकतो, तें पुस्तकी शिक्षणानें मिळत नाहीं. मात्र कांहीं नियम घरांत आधींच ठरलेले असावे.

पहिला नियम असा, कीं सुटे भाग गोळा करीत न बसतां एक अखंड जुनी गाडी तिच्या कागदपत्रांसह घ्यावी. स्वस्त मिळालेला एकेक भाग घरीं आणणारा मनुष्य शेवटीं असे भाग जमवितो कीं जे एकमेकांस बसत नाहींत. गाडीच्या सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक कागदावरील क्रमांकांशीं जुळतात कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं पाहावें. न जुळल्यास तो माल चोरीचा असण्याचा संभव असतो.

दुसरा नियम कायद्याचा. आपल्या देशांतील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, निर्मात्यानें ठरविलेल्या व नोंदणीपत्रांत लिहिलेल्या वर्णनाहून गाडी वेगळी होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. आणि इंजिन बदलावयाचें झाल्यास परिवहन कार्यालयाची संमति लागते. तेव्हां सांगाडा कापून लांब करणें, एका गाडीचें इंजिन दुसरीस बसविणें हे प्रयोग रस्त्यावर चालवावयाच्या गाडीवर करूं नयेत. मूळ गाडी मूळ रूपांत सजीव करणें हेंहि पुरेसें मोठें काम आहे.

तिसरा नियम हा, कीं जुनें काय चालेल आणि नवेंच काय हवें याची यादी करावी. सांगाडा, इंजिनाचें बाह्य कवच, पेट्रोलची टांकी, बैठक, चिखलपत्रे हे भाग जुने असले तरी चालतात. टायर व ट्यूब, ब्रेकचे पट्टे, साखळी, तारा व बेअरिंगें मात्र नवींच घ्यावीं; येथें काटकसर करणें म्हणजे प्राणाशीं खेळ होय. हातीं असलेल्या रकमेंतून प्रथम या नव्या वस्तूंचा खर्च बाजूला काढावा, आणि उरलेल्या पैशांतच जुनी गाडी शोधावी. बहुतेक तरुण नेमका उलटा क्रम धरतात, आणि ब्रेकपर्यंत येतां येतां त्यांचा खिसा रिकामा होतो.

चौथा नियम परीक्षेचा. पुढचें चाक सरळ रोखून, मागील चाकाच्या दोन्ही अंगांस लागून पुढच्या चाकापर्यंत दोऱ्या ताणाव्या. पुढील चाक त्यांच्या बरोबर मध्यें व त्यांना समांतर आलें नाहीं, तर सांगाडा वांकलेला आहे असा संशय घ्यावा. जोडाच्या ठिकाणीं बारीक चीर आहे कीं काय, हें पाहण्याची एक जुनी युक्ति आहे. तो भाग स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावावें, थोड्या वेळानें कोरडा पुसावा आणि वर खडूची पूड लावावी. चीर असेल तर तींत शिरलेलें तेल हळूहळू बाहेर झिरपून पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. अशी रेघ दिसली कीं मोहांत न पडतां तो भाग बाद करावा.

शेवटचा नियम घराच्या शिस्तीचा. गाडी उघडतांना प्रत्येक पायरीचें छायाचित्र घ्यावें. एका भागाचे बोल्ट व चकत्या एका डब्यांत, वर चिठ्ठी लावून ठेवाव्या. रोजच्या कामाची व खर्चाची वही असावी आणि ती घरांतील वडिलांना महिन्यास दाखवावी. कामाचे तास ठरलेले असावे, आणि काम पुरें करण्याची मुदतहि. त्या मुदतींत इंजिन सुरू झालें नाहीं, तर सारा माल विकून टाकण्याचें वचन मुलाकडून आरंभींच घ्यावें. या अटींवर एखाद्या काकांनीं अंगणाचा एक कोपरा आणि एखाद्या मामांनीं पान्यांची एक पेटी देऊं केली, तर तें मुलाचें लाड करणें होणार नाहीं. आणि त्या कोपऱ्यांत एक लहानशी फळीहि ठोकून द्यावी. मोडलेले भाग लपवून न ठेवतां तीवर मांडावयास त्याला सांगावें, म्हणजे येतां जातां घरांतल्या माणसांनाहि काम कोठवर आलें तें दिसत राहील.